एकशे साठ चौरस फुटांचा वारसा

दार उघडले की सरळ समोर खिडकी. एका भिंतीला लोखंडी पलंग. पलंगावर दोघे, पलंगाखाली दोघे आणि त्यांच्या उशाशी पत्र्याच्या ट्रंका. दुसऱ्या भिंतीला ओटा, ओट्याला लागून वीतभर कठड्याची मोरी, मोरीत पाण्याचे पिंप. डोक्यावर फळ्यांचा पोटमाळा. त्यावर गोधड्या, गावाहून आलेले तांदळाचे पोते, गौरी-गणपतीचे सामान आणि परीक्षेच्या दिवसांत पुस्तक घेऊन पोटावर पडलेला थोरला मुलगा. पाहुणा आला की त्याची वळकटी बाहेर, दाराशी.

गिरणगावातल्या हजारो घरांचा नकाशा थोड्याफार फरकाने असाच होता. मुंबईच्या बीडीडी चाळीत या घराचे क्षेत्रफळ भरते १६० चौरस फूट. आज त्याच परिसरातल्या नव्या टॉवरमध्ये एका मोठ्या मोटारीसाठी साधारण तेवढीच जागा आखून देतात.

या खोलीला वारसा म्हणायचे का? मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली केली. देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा आधी. त्या यादीत सरकारी कचेऱ्या आल्या, बँका आल्या, देवळे, चर्च, बंगले, पाणपोया आल्या. पुढे २००४ मध्ये व्ही.टी. स्थानक आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. गिरणीच्या चिमणीचे फोटो कॅलेंडरवर छापून आले. पण त्या चिमणीखाली राबणारा माणूस पाळी संपवून ज्या खोलीत आडवा व्हायचा, ती वारसा म्हणून पाहायला फारसे कुणी थांबले नाही. कमान नाही, कोरीव काम नाही, वास्तुविशारदाचे नाव नाही; मग जपायचे तरी काय, असा सरळ हिशेब.

प्लेगने घडवलेली चाळ

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला तिचा भोंगा वाजू लागला. पुढच्या चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी या पट्ट्यात गिरण्या दाटीने उभ्या राहिल्या. कोकणातून बोटीने आणि घाटावरून रेल्वेने माणसे येत राहिली. त्यांनी राहायचे कुठे, हा प्रश्न बहुतेक गिरणीमालकांनी आपला मानला नाही. मग जागामालकांनी, सावकारांनी, कंत्राटदारांनी गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर चाळी बांधल्या. एका रांगेत खोल्या, समोरून सलग गॅलरी, लाकडी जिना आणि टोकाला सामाईक संडास. कमीत कमी जमिनीवर जास्तीत जास्त भाडेकरू, एवढेच त्यामागचे वास्तुशास्त्र. काही इमारती तर एकमेकींना इतक्या खेटून होत्या की आतल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण सापडला. तो ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे. साथ पसरली तसे लोक शहर सोडून पळू लागले आणि सरकारला पहिल्यांदाच कामगारांच्या खोल्यांत डोकावून पाहण्याची गरज वाटली. अधिकारी घराघरांत शिरले, उजेडासाठी छपरांची कौले काढली गेली, भिंतींवर चुना मारला गेला. माणसांना राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली गेली.

त्यातून १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, जन्मले. जुन्या वस्त्या पाडून नवे रस्ते काढायचे आणि उठवलेल्यांपैकी काहींना नव्या चाळी द्यायच्या, असे त्याचे काम. आग्रीपाडा, परळ, माझगाव या भागांत लोक आजही ज्यांना ‘बीआयटी चाळी’ म्हणतात, त्या या ट्रस्टच्या. दोन इमारतींत किती अंतर हवे यासाठी ट्रस्टने एक कोन ठरवला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. तळमजल्याच्या खिडकीपाशी उभे राहून समोर पाहिले तर या कोनाच्या वरचे आकाश मोकळे दिसले पाहिजे. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये सोडायचे. कामगाराच्या खोलीत किती आकाश यावे, हे तेव्हा असे कोनमापकाने ठरले.

परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत, दामोदर हॉलजवळ, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात राहिले. परदेशातली शिक्षणाची वर्षे सोडली तर महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार या साऱ्या काळात त्यांचा पत्ता हाच. एका खोलीत संसार, दुसरीत पुस्तके आणि माणसांची वर्दळ. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधताना त्यांनी पुस्तकांसाठी जागा राखण्याचा एवढा ध्यास का घेतला, हे त्या दोन खोल्या डोळ्यांपुढे आणल्या की लगेच समजते.

कापसाच्या गासडीवर एक रुपया

पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई टोकाला गेली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट स्थापन केले. ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ची आद्याक्षरे म्हणजे बीडीडी. हे खाते केव्हाच बंद झाले, पण त्याने बांधलेल्या चाळींत वाढलेल्या लाखो लोकांच्या तोंडी त्याचे नाव राहिले. मनसुबा होता पन्नास हजार खोल्यांचा. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला गेला. ज्या कापसाने गिरण्या चालायच्या, त्यातूनच गिरणी कामगाराचे छप्पर काढायचे, असा हा व्यवहार.

प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. इथे खासगी चाळीसारखी बाहेरून गॅलरी नाही. मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा दारे आणि मजल्याचे सामाईक संडास. लाकूड आणि कौलांच्या चाळींना सरावलेल्या माणसांना ही सिमेंट काँक्रीटची घरे परकी वाटली. भाडेही जड वाटले, अनेकांना कामाची जागा लांब पडत होती. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या.

त्या रिकामेपणाचा सरकारने वेगळाच उपयोग केला. १९३० साली मिठाचा सत्याग्रह पेटला, तुरुंग भरले आणि वरळीच्या चाळींचे तात्पुरते कारागृह झाले. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत आधी सत्याग्रही येऊन राहिले. बीडीडीच्या जाड भिंती पाहून कोणी ‘जेलसारख्या’ म्हणाले, तर त्यात निव्वळ अतिशयोक्ती नाही.

गार न पडणारी चटई

मराठी वाचकाच्या मनातली चाळ बहुधा पुलंच्या ‘बटाट्याच्या चाळी’वरून घडलेली असते. कारकून, मास्तर, सभा-संमेलने, उपास आणि भांडणे. ती चाळ गिरगावच्या मध्यमवर्गाची. गिरणगावच्या खोलीचा जीव वेगळा होता, कारण तिचे घड्याळ घरात नव्हते, गिरणीच्या भोंग्यात होते. तीन पाळ्यांच्या दिवसांत पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच चटईवर पाठ टेकायचा.

अशा खोल्यांचा कळस म्हणजे गावमंडळाची खोली. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकाच गावची मंडळी मिळून खोली घेत. बायकामुले गावी, इथे वीस, तीस, कधी त्याहून जास्त पुरुष. प्रत्येकाच्या मालकीची एक ट्रंक आणि खुंटी. सगळे एकाच वेळी घरी असते तर उभे राहायलाही जागा पुरली नसती, पण पाळ्यांमुळे तशी वेळ येत नसे. नोकरी गेलेल्या गाववाल्याला इथेच आधार, आजाऱ्याला गावी पोहोचवण्याची सोय इथूनच आणि गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणीही इथेच जमा व्हायची. धोबीतलाव, माझगाव भागातल्या गोवेकरांच्या ‘कुडी’ याच जातकुळीतल्या. गावागणिक कूड, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, भिंतीला लावून ट्रंकांची रांग. त्यात राहणारे बहुतेक खलाशी, आचारी, वाजंत्री.

एकट्या पुरुषांना जेवू घालणारी खानावळवाली ही या घरांतली दुसरी गिरणी कामगार. तिचे नाव फक्त कोणत्या हजेरीपटावर नव्हते. आपल्याच खोलीत, चार-सहा मुलांच्या गराड्यात, ती वीस-पंचवीस जणांची भाकरी-कालवण रांधायची. पैसे महिनाअखेरीस, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशा चौदा बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. चाळीतली खोली म्हणजे घर आणि तेच उत्पन्नाचे साधनही, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या १६० चौरस फुटांचा अर्थ पुरता लागत नाही.

आणि म्हणूनच राहते घर खोलीच्या दाराशी संपत नव्हते. बोळात लसूण सोलला जाई, जिन्यावर अभ्यास होई, गच्चीत पापड वाळत, चौकात गणपती बसे आणि दोन चाळींमधल्या मोकळ्या पट्टीत भजनी मंडळ, व्यायामशाळा, कामगार संघटनेची सभा आळीपाळीने नांदे. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शाहिरीचे प्रेक्षागृह म्हणजे हेच चौक. कवी नारायण सुर्व्यांना तान्हेपणी उचलून घरी आणणारे गंगाराम सुर्वे गिरणी कामगारच होते. त्यांच्या खोलीत आणखी एका पोराला जागा होती का, हा हिशेब त्यांनी मांडला नाही.

मात्र या एकोप्याचे गोडवे गाताना थोडे थांबावे लागते. चाळी जातीने आणि धर्माने वाटलेल्या होत्या. कुठल्या इमारतीत कोण राहतो, हे आडनाव न विचारता कळे. गिरणीतही तेच. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, दलितांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून धागा ओढताना तो तोंडाने शोषावा लागे आणि त्यांच्या उष्ट्या धोट्याला इतर कामगार हात लावत नसत. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथरच्या सभेनंतर उसळलेली दंगल याच गच्च्यांवरून, याच चौकांत झाली. वारसा जपायचा तर हा भेदही खोलीसोबत येतो.

पडझड कशाने झाली

१९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण महिन्याला पाच-दहा रुपये भाडे घेणारा खासगी मालक दुरुस्तीला हात लावीना. पागडीचे व्यवहार मात्र जोरात. चाळी कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि सरकारी मंडळाने डागडुजी करायची. त्या वेळी मुंबई शहरात अशा उपकरप्राप्त इमारती १९ हजारांहून अधिक निघाल्या. लोखंडी तुळया, लाकडी टेकू आणि त्यांच्यावर पुन्हा नवे टेकू. जुन्या चाळींचे हे रूप आजही ओळखीचे आहे.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला आणि त्याबरोबर गिरण्याही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकातले घर हे याच काळातले. गिरणी बंद, घरात मोठी झालेली मुले आणि कोणालाही एकांत न देणारी एक खोली. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे आले. खोली मात्र पुष्कळ वर्षे तिथेच राहिली, कारण ती सोडून जायला दुसरी जागा नव्हती.

बर्मिंगहॅम आणि सिडनीने काय केले

कामगाराचे घर जपण्याचा प्रयोग जगात काही ठिकाणी झाला आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ‘कोर्ट १५’ नावाची घरांची एक जुळणी आहे. १९व्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत बांधलेली ही पाठीला पाठ लावलेली घरे. एका घराची मागची भिंत तीच दुसऱ्या घराची मागची भिंत, त्यामुळे वारा आरपार जायची सोयच नाही. मजल्याला एक खोली, आणि आतल्या चौकात सगळ्यांत मिळून धुण्याची जागा व संडास. चाळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. अशी नवी घरे बांधायला इंग्लंडमध्ये १९०९च्या कायद्याने बंदी आली, जुनी हजारो घरे नंतर पाडली गेली. हा एक चौक वाचला आणि २००४ साली नॅशनल ट्रस्टने तो लोकांना खुला केला.

तिथली मांडणी पाहण्यासारखी आहे. घरे एकाच साली गोठवलेली नाहीत. एक १८४०च्या दशकातल्या ज्यू घड्याळ-कारागिराचे, एक १८७०च्या दशकातल्या काचेचे कृत्रिम डोळे बनवणाऱ्याचे, एक १९३०च्या दशकातल्या कुलूपवाल्याचे आणि एक कॅरिबियनमधून आलेल्या शिंप्याचे १९७०च्या दशकातले दुकान. चार दारे ओलांडली की शहराची सुमारे एकशे तीस वर्षे चालून होतात. या चौकातली दोन घरे आता सुटीत भाड्याने राहायला मिळतात, अर्थात न्हाणीघर आत घेऊन.

सिडनीच्या ‘द रॉक्स’ भागातल्या सुझाना प्लेसने वेगळी वाट धरली. १८४४ची चार जोडघरे, १९९०पर्यंत वस्ती असलेली, १९९३ पासून संग्रहालय. तिथे भिंती रंगवून नव्या केल्या नाहीत. एकावर एक चढलेले रंगांचे थर, भिंतीचे कागद, जमिनीवरचे लिनोलियम, सगळे तसेच ठेवले. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवरची ९७ क्रमांकाची १८६३ची भाड्याची इमारत १९८८ पासून स्थलांतरितांचे संग्रहालय म्हणून चालते. तिथे पाहुण्यांना वास्तुशैली समजावत नाहीत. या खोलीत कोणते कुटुंब राहिले, त्यांचा धंदा काय, ते सांगतात.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. लोक निघून गेल्यावरच घराचे संग्रहालय झाले. मुंबईची अडचण नेमकी इथेच वेगळी. इथे घर अजून वापरात आहे, आणि त्यात राहणाऱ्याला वारशापेक्षा घरातला संडास हवा आहे. रात्री म्हाताऱ्या आईचा हात धरून बोळाच्या टोकापर्यंत नेणाऱ्या माणसाला ‘ही तुमची संस्कृती, ती सोडू नका’ असे सांगायचा हक्क कोणालाही नाही.

किल्ल्या मिळाल्यानंतर

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले. काम म्हाडाकडे, वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून १९५ चाळी. बंदर प्राधिकरणाच्या जमिनीवरच्या शिवडीच्या चाळी त्यातून बाजूला राहिल्या. पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य, म्हणजे जुन्या खोलीच्या तिपटीहून मोठे. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी किल्ल्या मिळाल्या. उंच मनोरे, लिफ्ट, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि ज्यासाठी शंभर वर्षे वाट पाहिली ते आतले संडास-न्हाणीघर.

गिरण्यांच्या आठवणीसाठी महापालिकेने काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या जागेत वस्त्रसंग्रहालयाचे काम हाती घेतले. यंत्रे जपणे तुलनेने सोपे. साचा लोखंडाचा असतो, तेल घातले की टिकतो. खोलीचे तसे नाही. ती रिकामी केली त्या दिवशीच तिचा निम्मा अर्थ टेम्पोत भरून निघून जातो. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवला, चाळींवरही आडारकरांच्या संपादनाखाली पुस्तक निघाले. पण पोटमाळ्याच्या फळ्या कोणी मोजाव्या? पलंगाच्या पायांखाली घातलेल्या विटा किती उंचीच्या, म्हणजे खाली किती जण झोपत, हे कोण लिहून ठेवणार? भिंतीतल्या खुंट्या, दारावरचे रंगाचे थर, मोरीच्या कडेला पिंपाच्या बुडाने पडलेले वर्तुळ, खानावळीच्या हिशेबाची वही, गावमंडळाचे वर्गणीपुस्तक. हे सगळे इमारत पडण्याच्या आधी, माणसे समोर असतानाच गोळा होते. नंतर उरतो तो राडारोडा.

समजा, अशी एक खोली खरेच राखली, बर्मिंगहॅमसारखी. मग ती कोणत्या दिवसाची मांडायची? १९२५ची, ओल्या सिमेंटचा वास येणारी आणि रिकामी? १९३०ची, राजबंद्यांची? की १७ जानेवारी १९८२ची? तो रविवार होता. खुंटीवर धुतलेला शर्ट, ओट्यावर झाकलेली आमटी, कोपऱ्यातल्या रेडिओवर बातम्या, पोटमाळ्यावर झोपलेली मुले. आणि मोरीच्या कठड्यावर पहिल्या पाळीचा पितळी डबा घासून पालथा घातलेला. सोमवारी तो भरायचा नव्हता.